परसातला खड्डा

पुराव्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, हे तत्त्व मी तेहतीस वर्षांच्या सेवेत प्राणपणाने जपले. माझ्या निरोप समारंभात तीन वक्त्यांनी हे सांगितले. पहिल्याने सांगितले तेव्हा बरे वाटले. दुसऱ्याच्या वेळी मी मांडीवरच्या शालीची घडी नीट केली. तिसरा त्याच वाक्यावर आला तेव्हा मला जळगाव जिल्ह्यातल्या एका घराच्या परसातला खड्डा आठवला आणि पुढचे भाषण ऐकू आले नाही. तो खड्डा अजूनही मधूनमधून आठवतो, विशेषतः कोणी माझी स्तुती करू लागले की.

गाव रेल्वेमार्गावरचे, तालुक्याचे. पाचोऱ्याच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, कारण त्या घरातली माणसे अजून तिथेच राहतात आणि त्यांना या प्रकरणाची पुरेशी प्रसिद्धी मिळालेली आहे. मी मूळचा सांगलीकडचा. त्या ठाण्याचा प्रभारी म्हणून हजर होऊन मला तीन आठवडे झाले होते. एवढ्या अवधीत अधिकाऱ्याला हद्दीतले रस्ते कळतात, पुढारी कळतात, भरीत कुठे चांगले मिळते तेही कळते. माणसे कळायला वेळ लागतो. पण खुर्चीत बसले की तसे वाटत नाही.

श्रावण चालू होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी ठाण्यात आलो तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हजेरीपटावर ओळीने रजा. ठाणे अंमलदाराला विचारले, "हे काय? साथ आली आहे का कसली?"

"कानबाई आहे साहेब," तो म्हणाला. तो लातूरकडचा. त्याला यापलीकडे काही ठाऊक नव्हते आणि मीही विचारले नाही. कुठली तरी देवी असणार, बसवतात, उठवतात, आपण बंदोबस्त करतो. माझे धर्मशास्त्र तेवढेच होते.

सोमवारी दुपारी एक गृहस्थ भेटायला आले. सरकारी खात्यात बदलून आलेले, सोलापूरकडचे, वय पन्नाशीच्या आसपास, शर्टाच्या खिशात दोन पेने. दार लावून घेऊ का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, लावा. मग ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "साहेब, माझं नाव कुठं येता कामा नये."

हे वाक्य ज्याने उच्चारले तो काही खरे सांगणार आहे, असा माझा अनुभव आहे. ते खरे उपयोगाचे असेलच असे नाही.

त्यांची हकीकत अशी. त्यांच्या शेजारच्या घरात एक वयस्कर गृहस्थ राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, नुकतेच आमच्या ठाण्यात व्याख्यान देऊन गेलेले. सगळे गाव त्यांना नाना म्हणते. दोन मुले, थोरल्याचे कुटुंब सोबत, धाकटा अविवाहित. गुरुवारी सकाळी घराच्या मागच्या बाजूने नानांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. 'मेलो, मेलो' असे स्पष्ट शब्द. मग एकदम शांत. तेव्हापासून नाना दिसलेले नाहीत. रोज सकाळी सात वाजता काठी घेऊन फिरायला निघणारा माणूस, चार दिवस दिसलेला नाही.

"घरच्यांना विचारलंत?"

"विचारलं ना. थोरला म्हणतो धुळ्याला गेलेत. धाकटा म्हणतो दोंडाईचाला पाहुण्यांकडे. मिसेसनं सुनेला विचारलं, ती म्हणाली सुरतला." ते पुढे झुकले. "आणि साहेब, रविवारी त्यांनी परसात खड्डा खणला."

"केवढा?"

त्यांनी हात पसरून दाखवला. मग थोडा आणखी पसरला.

"मी गच्चीवरून पाहिलं. घरातली सगळी माणसं एकेक करून त्या खड्ड्यापाशी येऊन हात धूत होती. मग वर फळी टाकली, फळीवर दगड. आणि एवढा स्वयंपाक केला, पुरणाचा वास आमच्या हॉलपर्यंत! दर सणाला त्यांच्याकडून वाटी येते. या वेळी काही नाही. मिसेस दारात गेली तर सून आडवी उभी राहिली. म्हणाली, आज आत येऊ नका."

या शेवटच्या वाक्यात त्यांचा आवाज किंचित ओला झाला. त्यांना नानांची काळजी होती हे खरे, पण पुरणपोळी न आल्याचे दुःखही त्यात असावे, असे मला आज वाटते. तेव्हा वाटले नाही. तेव्हा मला फक्त खड्डा दिसत होता.

इथे थोडे थांबून एका शब्दाबद्दल लिहितो, कारण माझी सगळी नोकरी त्या शब्दावर गेली. फिर्याद लिहून घेताना आम्ही शेवटी विचारतोच : तुमचा कोणावर संशय? जुने जमादार 'वहीम' लिहीत. 'माझा वहीम अमक्यावर आहे.' फिर्यादी त्या प्रश्नाला कधी गोंधळत नाही. चोरी किती वाजता झाली ते त्याला ठाऊक नसते, काय गेले ते आठवत नसते, पण संशय कोणावर, ते तोंडपाठ असते. बहुतेक वेळा ते नाव चोरीच्या आधीपासूनच तयार असते.

तसा हा शब्द घरोघरी रोज वापरात आहे आणि कोणाचे काही बिघडत नाही. बाई वांगे दाबून बघते. दूध तापवण्याआधी वास घेते. डॉक्टर म्हणतो, टायफॉइडचा संशय आहे, आणि रक्त तपासायला पाठवतो. रोगीही शांतपणे रिपोर्टची वाट बघतो. हाच शब्द पोलिसाने उच्चारला की रिपोर्टची वाट कोणी बघत नाही. वर्तमानपत्रात 'संशयित' असे छापून आले की वाचणारा मनातल्या मनात 'सापडला' असे वाचतो. डॉक्टरचा संशय खोटा ठरला तर घरात पेढे वाटतात. आमचा खोटा ठरला तरी त्या घराला पुढली दहा वर्षे लोक वळून बघतात.

हे शहाणपण मला त्या सोमवारी नव्हते. मी गाडी काढायला सांगितली.

सोबत एक महिला अंमलदार होती. भुसावळची, बौद्ध कुटुंबातली, पंधरा वर्षे नोकरी झालेली, मोजके बोलणारी. तिच्या घरी कानबाई नसते म्हणून इतरांच्या रजा तिच्या अंगावर पडल्या होत्या. गाडीत मी तिला हकीकत सांगितली. हकीकत खड्ड्यापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मी एक बोलू का?"

मी म्हटले, "नंतर."

तपासात माझ्याकडून झालेल्या चुकांची यादी मोठी आहे. त्यातली सर्वांत लहान, एका शब्दाची चूक ही.

घर बैठे, कौलारू, स्वच्छ. दारात थोरला मुलगा. शाळेत प्रयोगशाळा सहायक, चाळिशी ओलांडलेला, कपाळावर कुंकू. पोलीस पाहून त्याचा चेहरा उतरला. पोलीस पाहून सगळ्यांचाच उतरतो, पण याचा जरा जास्त उतरला.

"नाना कुठे आहेत?"

"धुळ्याला, साहेब."

"कोणाकडे?"

"ते... पाहुण्यांकडे."

"पाहुण्यांचा फोन द्या."

तो आत बघू लागला. आतून धाकटा आला. मी त्यालाही तेच विचारले. तो दोंडाईचावर ठाम होता. सुनेला विचारले. ती पदर सावरून म्हणाली, "नाना सुरतले गयात, साहेब." तिघेही एकाच खोलीत, एकमेकांसमोर, तीन दिशा दाखवत होते. त्यांना त्याची लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, पण एकानेही आपले गाव बदलले नाही.

मी नानांच्या नंबरवर फोन लावला. आतल्या कपाटात तो वाजू लागला.

फोन पूर्ण वाजून थांबला. माणूस तीन गावांना गेलेला, आणि त्याचा फोन कपाटात. मी परसात गेलो. पेरूच्या झाडाखाली फळी, फळीवर दगड, बाजूला हळदकुंकू.

"यात काय आहे?"

"उष्टं शे, साहेब," सून म्हणाली.

"उष्टं? उष्टं पुरतात?"

"हां. बठ्ठं त्यातच टाकतस. खरकटं, हात धुयेल पाणी, बठ्ठं."

"उघडा."

तोपर्यंत ती घाबरून उत्तरे देत होती. या एका शब्दाने तिचा चेहरा बदलला. ती फळीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. "पुनव होईपावत नही उघडाव, साहेब. कोणीबी नही."

"मी सांगतोय."

"तुम्ही सांगा. पण नही."

आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव नाकारतात तसे तिने नाकारले. माझ्या नोकरीत मला मंत्र्यांच्या पुतण्यांनीही इतके थेट 'नाही' म्हटले नव्हते. कुंपणापलीकडे सात-आठ डोकी जमली होती. गच्चीवर आमचे सोलापूरकर सुकलेले कपडे पुन्हा वाळत घालत होते.

पुरल्याचा संशय असलेली जागा पोलीस मनाला येईल तशी खणत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार, हजर लागतात, पंच लागतात. मी ठाण्यात येऊन तहसीलदारांना पत्र तयार केले. थोरल्याला बोलावून दोन तास समोर बसवले. मी प्रश्न फिरवून विचारले, उलटे विचारले, चहा देऊन विचारले.

"गुरुवारी सकाळी नाना ओरडत होते?"

"हो."

"का?"

"त्यांना त्रास होत होता."

"कसला?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खुनी माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात असे मी कुठे वाचलेले नव्हते, पण त्या वेळी मला ते पुराव्यासारखे वाटले. संशय एकदा आला की माणसाच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट त्याच्या विरुद्ध साक्ष देते. तो घाबरला तर घाबरला म्हणून, नाही घाबरला तर निर्ढावलेला म्हणून.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "माझ्या बायकोला मधे घेऊ नका. तिला गल्लीत तोंड दाखवायचं आहे. काय करायचं ते मला करा."

हेही मी त्याच्या विरुद्धच धरले. त्याला घरी पाठवले, सकाळी परत यायला सांगून. पुन्हा खुर्चीत बसतो तर स्थानिक वार्ताहराचा फोन. "साहेब, मुख्याध्यापक प्रकरणात संशयित ताब्यात घेतले का?" म्हणजे तोवर ते 'प्रकरण' झाले होते. "चौकशी चालू आहे," मी म्हणालो. त्याने ते 'हो' असे लिहून घेतले असणार. त्याच्या जागी मीही घेतले असते.

मंगळवारी सकाळी आमचे हवालदार रजेवरून हजर झाले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागलो होतो. ते टपालाच्या ट्रेमधले कागद बघत होते. तहसीलदारांचे पत्र वरच होते, जावक क्रमांक पडलेले, फक्त न्यायचे बाकी. आबांनी ते वाचले. चष्मा काढून पुसून पुन्हा वाचले. मग ते हसू लागले. आवाज न करता, पोट हलवत.

"आबा, काय झालं?"

"साहेब, हा रोटाचा खड्डा आहे."

मग त्यांनी मला सांगितले. कानबाई बसते तेव्हा काही घरांत रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचा स्वयंपाक करायचा. सगळे भाऊबंद जमतात. तो स्वयंपाक घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, शेजाऱ्याला वाटी जात नाही. उष्टे इकडेतिकडे पडू द्यायचे नाही, हात धुतलेले पाणीसुद्धा, म्हणून परसात खड्डा. आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचे. घराघरात थोडाफार फरक, पण खड्डा ठरलेला. "माझ्या घरीही परवाच खणला आहे साहेब. माझ्याकडे कधी येता पथक घेऊन?"

महिला अंमलदार दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो साहेब."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही नंतर म्हणालात."

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. पंधरा वर्षांच्या नोकरीत माणूस ते शिकतो.

मला क्षणभर हलके वाटले. पण आबांचे हसू थांबले होते. ते पत्राची घडी घालत म्हणाले, "पण नाना रोटाला नव्हते?"

"गुरुवारपासूनच नाहीत."

"मग हे बरोबर नाही साहेब. घरातला थोरला माणूस कुठंही असला तरी रोटाला येतो. मुंबईहून येतात, सुरतहून येतात. सैन्यातली पोरं रजा काढून येतात. नाना हयात असताना रोटाला नाहीत, असं होणार नाही."

म्हणजे खड्ड्यातून माणूस बाहेर निघाला, पण हरवलेला तो हरवलेलाच राहिला. उलट आता आबांनाही संशय आला होता, आणि स्थानिक माणसाला आलेला संशय माझ्यापेक्षा भारी. पत्र पुन्हा ट्रेमध्ये गेले. आबा म्हणाले, "न्यायच्या आधी मी एकदा त्या घरच्या सुनेशी बोलतो. तुम्ही चला, पण बोलू नका."

मी त्यांचा वरिष्ठ होतो. मी मान डोलावली.

घरात रात्रभर कोणी झोपले नसावे असे दिसत होते. थोरला ठाण्यात यायलाच निघाला होता. आबा अंगणात बाजेवर बसले, पाणी मागितले, कानबाई कशी झाली विचारले, गंगाफळाची भाजी केली का विचारले. नानांचे नावही काढले नाही. मग सहज, जावयाने पावसाची चौकशी करावी तसे विचारले, "ताई, औंदा गहू कितल्या मुठी?"

"पाच जणासन्या. दरसालना मायक."

दरवर्षीसारख्या पाच जणांच्या. मी मनात मोजले. नाना, दोन मुले, थोरल्याचे दोन मुलगे. पाच.

"नानानी बी?"

"नानानी बी," ती म्हणाली, आणि काय विचारता असा चेहरा करून पुढे म्हणाली, "नानानीच पहिली."

आबा उठले आणि मला कुंपणापाशी घेऊन गेले. "साहेब, नाना जिवंत आहेत."

"गव्हावरून?"

"मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ धरत नाहीत. घरात मयत असती तर सुतक, कानबाई बसलीच नसती."

"आबा, ज्याने खून केला तो एक मूठ गहू जास्त घेऊ शकत नाही का? दाखवण्यापुरते?"

आबांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. "साहेब, माणूस पोलिसाशी खोटं बोलतो. कानबाईशी नाही बोलत."

मी सगळे कायदे मनात चाळले. मूठभर गहू कोणत्याच कलमात बसत नव्हते. वरिष्ठांना काय लिहू? सबब, गव्हाच्या मुठींवरून सदर इसम हयात असल्याची खात्री झाली? तरी मला त्या पुराव्यासमोर माझ्याजवळचे काहीच ठेवता येईना. माझ्याकडे किंकाळी होती, बंद दार होते, कपाटात वाजणारा फोन होता आणि एक खड्डा. चारही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची बेरीज तेवढी माझी होती.

आबा परत सुनेकडे गेले. आता ते सरळ बोलले. "ताई, नाना कुठं आहेत ते सांग."

तिने मान हलवली. "नानानी शपथ घालेल शे."

"बरं. मग ऐक. तू नाही सांगितलं तर उद्या तहसीलदार येतील, कुदळी येतील आणि हा खड्डा पुनवेआधी उकरतील. सगळ्या गल्लीसमोर. साहेबांचं पत्र तयार आहे. मी थांबवू शकत नाही."

मी खुनाच्या आरोपाचे भय दाखवले होते, नवऱ्याला दोन तास बसवले होते, गल्लीत अब्रू जाणार हे तिला कळत होते. या कशाने ती हलली नव्हती. आता ती उंबऱ्यावर बसली. पेरूखालच्या फळीकडे बघत राहिली. एका बाजूला सासऱ्यांची शपथ, दुसऱ्या बाजूला कानबाई. हा वाद कोणत्याही न्यायालयात मिटला नसता. तिने दोन मिनिटांत मिटवला.

"त्या बाईले बलावा," ती गाडीपाशी थांबलेल्या महिला अंमलदाराकडे बोट करत म्हणाली. "तुम्ही बठ्ठा बाहेर जा."

आम्ही दोघे पोलीस आणि दोन संशयित अंगणात जाऊन उभे राहिलो. थोरला मुलगा डोळे मिटून होता. आतून कुजबुज आली, डब्याचे झाकण वाजले. मग महिला अंमलदार बाहेर आली. ती सावधानमध्ये उभी राहिली. तशी ती एरवी फक्त पोलीस अधीक्षकांपुढे उभी राहत असे.

"साहेब, नाना भुसावळला आहेत. खाजगी दवाखान्यात. शुक्रवारी ऑपरेशन झालं. उद्या-परवा सोडतील. त्यांच्या वाट्याचं पीठ डब्यात राखून ठेवलं आहे, पौर्णिमेच्या आत येऊन खाणार आहेत. मी डबा पाहिला."

"कसलं ऑपरेशन?"

"मूळव्याधीचं, साहेब."

आबा आभाळाकडे बघू लागले. धाकट्या मुलाने कोपऱ्यातली झाडणी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. थोरल्याने डोळे उघडले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिले. मी काय बोललो ते आठवत नाही. आठवते ते एवढेच की माझ्या पाठीवरून कोणीतरी पोते उतरवून ठेवले असे वाटले आणि तिथल्या तिथे, त्या बाजेवर, मला आडवे व्हावेसे वाटले.

पुढचे सगळे सोपे होते. नानांचा गावात दरारा. शाळेची समिती, ग्रंथालयाची समिती, स्वच्छतेची समिती, सगळ्यांचे अध्यक्ष. त्यांचे गाजलेले व्याख्यान आहार आणि शिस्त या विषयावरचे. नियमित जीवन जगणाऱ्याला दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही, असा त्याचा समारोप. मी हजर झालो त्या आठवड्यात त्यांनी ते आमच्या ठाण्यात येऊनही दिले होते. अशा माणसाला हा आजार आणि नेमका याच जागी. गुरुवारी सकाळी परसातल्या संडासात दुखणे हाताबाहेर गेले. दुपारी गाडी करून भुसावळ. जाताना त्यांनी सर्वांना शपथ घातली आणि बजावले, कोणी विचारले तर बाहेरगावी गेलेत म्हणा. कोणते बाहेरगाव, ते ठरवायचे राहून गेले. फोन मात्र मुद्दाम घरी ठेवला. कोणी 'कुठे आहात' असे विचारले तर खोटे बोलावे लागेल, आणि ते खोटे बोलत नाहीत.

खात्री म्हणून मी दवाखान्यात सोबतीला असलेल्या त्यांच्या साडूंना फोन लावला. त्यांनी नानांना दिला.

"नमस्कार. पोलीस ठाण्यातून बोलतोय."

पलीकडून खणखणीत आवाज, मुख्याध्यापकाचा. "कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं हे सोडा. तुमच्या घरच्यांवर तुमच्या खुनाचा संशय होता."

"ते ठीक आहे," नाना म्हणाले. "पण सांगितलं कोणी?"

मी फोन सुनेकडे दिला. ती पदर तोंडाला लावून "हां नाना, हां नाना" करत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग मला कळले की ती रडत नाहीये, हसते आहे. बहुधा दोन्ही असावे. फोन ठेवल्यावर ती आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. चहा रोटाच्या नियमात येत नाही, तो बाहेरच्यांना चालतो. तिने पहिला कप महिला अंमलदाराला दिला, दुसरा आबांना, आणि माझा शेवटी. तो क्रम योग्य होता.

ठाण्यात परत येऊन मी ते पत्र फाडले. जावक नोंदवहीत त्याच्या क्रमांकापुढे 'रद्द' असे लिहून सही केली. वार्ताहराला फोन करून सांगितले की नाना सुखरूप आहेत. "मग बातमी नाही?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात जी निराशा होती ती प्रामाणिक होती. छापून काही आले नाही, एवढे मात्र बरे झाले. सोलापूरकरांना बोलावून खड्ड्याची माहिती दिली. ते बराच वेळ दोन पेनांपैकी एकाचे टोपण काढत-लावत राहिले. "म्हणजे वाटी कोणालाच गेली नाही?" त्यांनी शेवटी विचारले. मी म्हटले, कोणालाच नाही. त्यांचाही चेहरा मोकळा झाला. पौर्णिमेनंतर त्यांच्याकडे पाच पुरणपोळ्या आल्याचे आबांकडून कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले? संशय घेऊ नये असे काही मी शिकलो नाही. संशय न घेणारा पोलीस आणि वांगे न दाबता घेणारी बाई, दोघे घरी किडके घेऊन येतात. पण वांगे दाबणारी बाई वांग्याचा रंग आणि देठही पाहते. मी खड्डा पाहिला आणि त्या खड्ड्याच्या मापाचा माणूस शोधू लागलो. जिला माहीत होते ती माझ्याच गाडीत बसली होती, आणि तिला मी 'नंतर' म्हणालो. त्यानंतर मी जिथे जिथे बदलून गेलो तिथे पहिल्या आठवड्यात एकच चौकशी केली : इथली माणसे वर्षातून एकदा काय करतात, जे मला बघून विचित्र वाटेल? हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. त्याची उत्तरे ऐकताना पुष्कळ वेळा मला घाम फुटला आहे.

आणखी एक. ज्याच्यावर संशय घेतला त्याला 'तुमच्यावर आता संशय नाही' असे सांगायचे आमच्या कामकाजात कुठेच नसते. गुन्हा नाही, कागद नाही, विषय संपला. त्या संध्याकाळी मी गणवेशात, दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीला दिसेल असा त्या घराच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिलो. थोरल्याशी पावसाबद्दल बोललो, त्याच्या शाळेबद्दल बोललो. तो फारसा बोलला नाही. मी उठलो तेव्हा तो फाटकापर्यंत पोचवायला आला, एवढेच.

पत्राला जावक क्रमांक पडला होता, त्यामुळे चौकशी बंद करायला नानांचा जबाब आवश्यक होता. रोट खाऊन झाल्यावर ते स्वतः ठाण्यात आले. पांढरे धोतर, काठी, चाल जरा सावकाश. मी उभा राहिलो, खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. मग संशय हा समाजस्वास्थ्याला लागलेला रोग कसा आहे, अधिकाऱ्यांनी संयम कसा ठेवावा, सत्य बोलणाऱ्याला भय कसे नसते, हे त्यांनी आम्हाला पाऊण तास समजावून सांगितले. अनुपस्थितीचे कारण 'वैयक्तिक कार्यानिमित्त भुसावळ' असे लिहून घ्यायला लावले. जबाब तीन पाने झाला. तो त्यांनी पहिल्यापासून सहीपर्यंत उभ्यानेच दिला.